हार्वर्डच्या दारात नापास झालेले १५७ जण

'हल्लीच्या मुलांना चार ओळी धड लिहिता येत नाहीत' ही तक्रार मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. तिचा एक ठळक दाखला अमेरिकेतील हार्वर्ड महाविद्यालयात सापडतो.

इ.स. १८७९. इंग्रजी निबंधाच्या प्रवेशपरीक्षेला ३१६ उमेदवार बसले. त्यांपैकी १५७ नापास झाले. ही मुले बहुतांशी सधन घरांतली, लॅटिन आणि ग्रीक घोटून आलेली. आणि गारद झाली ती इंग्रजीत!

परीक्षा तशी नवीच होती. १८६९ मध्ये चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले. १८७२ मध्ये त्यांनी आपले वर्गमित्र, पूर्वाश्रमीचे पत्रकार ॲडम्स शर्मन हिल यांना अध्यापनासाठी पाचारण केले. १८७४ पासून प्रवेशेच्छूंना लघुनिबंध सक्तीचा झाला. शेक्सपिअर, स्कॉट, गोल्डस्मिथ यांची नेमलेली पुस्तके वाचायची आणि त्यांवर निर्दोष लिहायचे. व्याकरण, शुद्धलेखन, विरामचिन्हे, सारेच तपासले जाई.

त्यापूर्वी अध्यापनाचा भर पाठ म्हणून दाखवण्यावर आणि वक्तृत्वावर असे. त्यामुळे आधीची पिढी उत्तम लिहीत होती, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. तिचे लेखन या काट्यावर कोणी तोललेच नव्हते. अर्थात, उत्तरपत्रिका खरोखरच सुमार होत्या, हेही नाकारण्याचे कारण नाही.

१८९० च्या दशकात हार्वर्डने या प्रश्नावर समिती नेमली. चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स, संपादक ई. एल. गॉडकिन आणि जोसाया क्विन्सी हे तिचे सदस्य. तिघांपैकी लेखन शिकवण्याचा व्यवसाय कोणाचाच नव्हता! १८९२ च्या अहवालात त्यांनी दोषाचे खापर शाळांवर फोडले. विद्यार्थ्यांच्या सदोष निबंधांच्या हुबेहूब प्रतिकृतीही समितीने छापल्या. बिचाऱ्या मुलांच्या चुका अशा रीतीने ग्रंथालयांत कायमच्या जपल्या गेल्या.

दरम्यान, १८८५ मध्ये 'इंग्लिश ए' हा सक्तीचा लेखनवर्ग पहिल्या वर्षाला लागू झाला होता. निबंधांचे गठ्ठे तपासण्याचे ओझे शिक्षकांवर पडले. शाळांनी हे काम नीट उचलले की महाविद्यालयाने त्यातून मोकळे व्हायचे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात असे वर्ग देशभर पसरले आणि अमेरिकेतील असंख्य महाविद्यालयांत ते आजही भरतात.

डिसेंबर १९७५ मध्ये 'न्यूजवीक' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पुन्हा तोच प्रश्न झळकला: जॉनीला लिहिता का येत नाही?