अडतीस वर्षांत संपलेला ओढा

सिडनीत द रॉक्सची टेकडी चढताना मी आर्गाइल कटपाशी थांबतो. पिवळसर वालुकाश्माच्या भिंतीवर टिकावाचे घाव अजून दिसतात. 1843 मध्ये बेड्या घातलेल्या कैद्यांनी ही टेकडी फोडायला घेतली होती.

आपला सह्याद्री लाव्हा थिजून झालेला, काळा कातळ. हा खडक मात्र सुमारे 23 कोटी वर्षांपूर्वी एका अवाढव्य नदीने आणलेल्या वाळूचा. तो पावसाचं पाणी पितो आणि सावकाश सोडतो. अशाच झिरपणाऱ्या पाण्यावर इथून जवळच एक ओढा वाहायचा. गॅडिगल लोक तो हजारो वर्षं पीत आले.

1788 मध्ये ब्रिटिशांनी वसाहतीसाठी ही जागा निवडली, ती या ओढ्यामुळेच. 1790 च्या दुष्काळात त्यांनी काठच्या खडकात टाकी खोदली, आपल्या गडांवर असतात तशी. म्हणून नाव पडलं टँक स्ट्रीम. पण काठावर गुरं, डुकरं, कत्तलखाने आले. 1826 पर्यंत ओढ्याचं गटार झालं आणि तो सोडून द्यावा लागला. मग कैद्यांनी याच खडकातून दहा वर्षं बोगदा खोदला, लांबचं पाणी आणायला.

ओढा आजही वाहतो, रस्त्याखालच्या बंद गटारातून. ऑफिसला जाताना मी रोज त्याच्यावरून चालतो, हातात पाण्याची विकतची बाटली घेऊन.