५० हजारांचा ड्रायव्हर घेतला, तरी बॉल उजवीकडेच का जातो?

गोल्फच्या बॅगेत नियमानुसार जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. त्यातला सगळ्यात लांब, सगळ्यात मोठ्या डोक्याचा आणि बहुतेक वेळा सगळ्यात महाग क्लब म्हणजे ड्रायव्हर. लांबच्या होलवर बॉल टीवर ठेवून पहिला फटका मारायचा, तो यानेच. मोठ्या कंपन्यांचा नवा ड्रायव्हर अमेरिकेत ६०० डॉलरच्या आसपास मिळतो. त्याचे नुसते रुपये केले तरी आकडा पन्नास हजारांच्या घरात जातो.

आणि तरीही पहिल्याच रविवारी बॉल हवेत वळतो आणि उजवीकडच्या झाडीत जाऊन पडतो. (डावखुऱ्यांचा डावीकडे.) याला स्लाइस म्हणतात आणि हौशी खेळाडूंचं हे सगळ्यात जुनं दुखणं आहे. दोष स्विंगचा असतोच, पण अनेकदा क्लबही त्या स्विंगसाठी चुकीचा निवडलेला असतो. गंमत म्हणजे ही निवड चुकते तीही ठरलेल्या पद्धतीने: लॉफ्ट गरजेपेक्षा कमी, शाफ्ट गरजेपेक्षा कडक आणि क्लब गरजेपेक्षा लांब. टीव्हीवर दिसणाऱ्या खेळाडूंसारखी बॅग हवी असते, पण स्विंग तर स्वतःचाच असतो.

"१० यार्ड जास्त" या जाहिरातीत किती तथ्य?

ड्रायव्हरचं हेड एकेकाळी पर्सिमन नावाच्या लाकडाचं असायचं. १९७९ मध्ये टेलरमेडने स्टीलचा ड्रायव्हर बाजारात आणला, १९९१ मध्ये कॅलवेचा बिग बर्था आला आणि पुढे टायटॅनियममुळे हेड फुगतच गेलं. शेवटी गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांनी मर्यादा घातल्या. हेडचा आकार ४६० सीसीपर्यंतच. चेहरा, म्हणजे बॉलला लागणारा पुढचा भाग, किती 'स्प्रिंग'सारखा उसळी देऊ शकतो, यालाही मर्यादा.

बहुतेक मोठ्या कंपन्या आज या मर्यादेला जवळपास टेकलेल्या आहेत. त्यामुळे फटका अगदी मधोमध बसला, तर दोन चांगल्या कंपन्यांच्या ड्रायव्हरमध्ये फार मोठा फरक उरत नाही. फरक दिसतो तो फटका मधोमध बसत नाही तेव्हा. हेडचं वजन कडेला आणि मागे नेलं, की बॉल कडेला लागल्यावरही हेड कमी फिरतं आणि वेग कमी वाया जातो. हेडच्या या न फिरण्याच्या गुणाला एमओआय म्हणतात. २०२४ मध्ये पिंग आणि टेलरमेड या दोन्ही कंपन्यांनी '१०के' एमओआयची जाहिरात केली, तो आकडा दोन वेगवेगळ्या अक्षांवरच्या मोजमापांची बेरीज होती. नियमातली मर्यादा उभ्या अक्षापुरती आहे: ५,९०० एकक.

मग जो खेळाडू कधी मधोमध, कधी टोकाला, कधी दांड्याजवळ मारतो, त्याने असं स्थिर हेड घ्यावं. कंपन्या एकाच नावाखाली एक 'लो स्पिन' मॉडेलही विकतात. त्यात वजन पुढे असतं. ते दिसायला आटोपशीर असतं, टीव्हीवर बऱ्याचदा तेच दिसतं आणि वेगवान, सातत्याने मधोमध मारणाऱ्यालाच ते मानवतं.

९ अंश की १२ अंश?

लॉफ्ट म्हणजे चेहऱ्याचा मागे झुकलेला कोन. ड्रायव्हर साधारण ८ ते १२ अंशांत मिळतात. लॉफ्ट कमी म्हणजे फटका दमदार, असा एक समज क्लबहाउसमध्ये पक्का बसलेला आहे. १२ अंशांचा ड्रायव्हर बॅगेत असणं जणू कमीपणाचं.

ट्रॅकमॅन या रडार यंत्राच्या कंपनीने प्रसिद्ध केलेली व्यावसायिक खेळाडूंची सरासरी इथे बोलकी आहे. तिच्या गाजलेल्या तक्त्यात पीजीए टूरवरच्या पुरुषांचा क्लबचा वेग ताशी ११३ मैल (सुमारे १८२ किलोमीटर) आहे, बॉल साधारण ११ अंशांनी उडतो आणि हवेतून २७५ यार्ड जातो. एलपीजीए टूरवरच्या महिलांचा वेग ताशी ९४ मैल, उड्डाण १३ अंशांच्या थोडं वर आणि हवेतलं अंतर २१८ यार्ड. आणखी एक फरक आहे. पुरुषांचं हेड बॉलला लागताना किंचित खाली जात असतं, महिलांचं तीन अंश वर येत असतं. म्हणजे कमी वेगातही त्या बॉल जास्त कोनाने उडवतात.

हौशी पुरुष खेळाडूचा वेग बहुतेक वेळा ९० ते ९५ मैलांच्या आसपास असतो. म्हणजे ड्रायव्हर निवडताना त्याने रोरी मॅकिलरॉयची बॅग बघण्यात अर्थ नाही, महिला टूरवरचे आकडे बघावेत. या वेगाला १०.५ ते १२ अंशांचा लॉफ्ट बहुतेकांना जास्त अंतर देतो, कारण हळू निघालेला बॉल कमी उंचीवरून लवकर खाली येतो.

लॉफ्टचा दुसरा फायदा कमी लोकांना ठाऊक असतो. स्लाइस होतो, कारण चेहरा स्विंगच्या दिशेच्या तुलनेत उघडा राहतो आणि बॉलचा फिरण्याचा अक्ष एका बाजूला कलतो. लॉफ्ट जास्त असेल, तर चेहरा तेवढाच उघडा राहूनही हा कल कमी होतो. त्यामुळे बॉल कमी वळतो. म्हणजे ९ अंशांच्या क्लबवर झाडीत जाणारा फटका ११ अंशांवर निदान रफच्या अलीकडे थांबण्याची शक्यता वाढते.

महाराष्ट्रात त्यात पावसाळ्याची भर. चेंबूर असो, येरवडा असो की खारघर, मे महिन्यात कडक झालेल्या फेअरवेवर बॉल पडल्यावरही घरंगळत जातो. जुलैमध्ये तो पडतो तिथेच रुततो. जमिनीवरचं अंतर गेलं की हवेतलं तेवढं उरतं आणि तिथे लॉफ्ट कामाला येतो.

आता बहुतेक ड्रायव्हरचा लॉफ्ट पान्याने एक-दोन अंश बदलता येतो. पण साध्या स्लीव्हच्या रचनेत लॉफ्ट वाढवला की चेहरा थोडा बंद होतो आणि कमी केला की उघडतो. म्हणून आधीच स्लाइस मारणाऱ्याने अंतराच्या आशेने लॉफ्ट खाली आणला, तर स्लाइस वाढूही शकतो.

शाफ्टवरचं 'एस' नेमकं काय सांगतं?

खरं तर फार थोडं. शाफ्ट म्हणजे दांडा. त्याच्या कडकपणाला फ्लेक्स म्हणतात आणि त्यावर एल, ए, आर, एस, एक्स अशी अक्षरं छापलेली असतात, मऊपासून कडककडे. ढोबळ अंदाज असा: ताशी ७५ मैलांपेक्षा कमी वेगाला एल, ७५ ते ८५ ला ए किंवा सीनियर, ८५ ते ९५ ला आर, ९५ ते १०५ ला एस आणि त्यापुढे एक्स.

अडचण अशी की या अक्षरांना सगळ्या उद्योगाने मान्य केलेलं एकच माप नाही. बुटांच्या नंबरासारखंच. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसइतका कडक निघू शकतो. फिटिंग करणारे लोक म्हणूनच शाफ्ट यंत्रात अडकवून मिनिटाला तो किती वेळा कंप पावतो हे मोजतात. "मी स्टिफ खेळतो" या वाक्यातून बोलणाऱ्याच्या शाफ्टपेक्षा त्याच्या इच्छेबद्दलच जास्त कळतं.

शिवाय नुसता वेग पुरत नाही. ९५ मैलांचे दोन खेळाडू घ्या. एक जण वर पोचल्यावर क्षणभर थांबून सावकाश खाली येतो, दुसरा वरूनच झटका देतो. पहिल्याला आर सहज चालतो, दुसऱ्याच्या हातात तोच शाफ्ट सैल वाटतो. मोबाइलवर बाजूने काढलेला स्लो मोशन व्हिडिओ पाहिला तरी आपण कोणत्या गटात आहोत ते बऱ्यापैकी समजतं.

शाफ्टबद्दलचा आणखी एक गैरसमज म्हणजे तो बॉलला लागताना चाबकासारखा मागे वाकलेला असतो. प्रत्यक्षात त्या क्षणी शाफ्टचं टोक बहुधा पुढे झुकलेलं असतं. त्यामुळे चेहऱ्याचा लॉफ्ट थोडा वाढतो. फ्लेक्स बदलून हा परिणाम कमी-जास्त होतो खरा, पण तो लहान असतो. चुकीचा लॉफ्ट शाफ्ट बदलून भरून निघत नाही.

फ्लेक्सपेक्षा आधी बघावं ते वजन. ड्रायव्हरचे ग्राफाइट शाफ्ट साधारण ४० ते ७० ग्रॅमच्या आसपास मिळतात. फार जड असेल तर १४ व्या होलपर्यंत हात जड होतात. फार हलका असेल तर हेड कुठे आहे याचा अंदाजच येत नाही आणि लय बिघडते. टॉर्क आणि किक पॉइंट हे शब्द दुकानात ऐकू येतील. त्यांचा परिणाम असतो, पण पहिला चांगला ड्रायव्हर घेणाऱ्याने त्यांच्यावर रात्र जागवायची गरज नाही.

लांबीचा मोह

दुकानातला ड्रायव्हर बहुधा ४५.५ ते ४५.७५ इंचांचा असतो. व्यावसायिक खेळाडूंचे ड्रायव्हर अनेकदा ४५ इंच किंवा त्याहूनही आखूड असतात. नियमात ४८ इंचांपर्यंत मुभा आहे, पण २०२२ पासून मोठ्या टूरवर ४६ इंचांची मर्यादा लावणारा स्थानिक नियम आला. रोज खेळणारे लोक आखूड क्लब वापरतात आणि रविवारी खेळणारे लांब, असा हा उलटा प्रकार आहे.

लांब क्लब वेग वाढवतो, पण एका इंचाने एखाद-दोन मैलच. मधोमध न बसलेला फटका किती खातो, त्याचा हिशेब असा. बॉलचा वेग भागिले क्लबचा वेग याला स्मॅश फॅक्टर म्हणतात आणि ड्रायव्हरसाठी तो फार तर १.५ च्या आसपास जातो. ९० मैलांच्या स्विंगने उत्तम फटका बसला तर बॉल १३५ मैलांनी निघतो. हा आकडा १.४ वर आला की बॉल १२६ वर येतो. या ९ मैलांची किंमत जवळपास १५ ते २० यार्ड. कोणतंही नवं मॉडेल एवढं देत नाही.

फटका नेमका कुठे बसतो ते पाहायला यंत्र लागत नाही. बॉलवर व्हाइटबोर्ड मार्करने जाड ठिपका काढायचा आणि तो भाग क्लबकडे ठेवून मारायचा. ठिपका चेहऱ्यावर उमटतो. दहा फटक्यांत सगळे ठसे दांड्याकडच्या बाजूला, म्हणजे हीलवर दिसले, तर स्लाइसचं एक कारण सापडलं. तिथे लागलेला बॉल उजवीकडे वळू पाहतो, टोकाला लागलेला डावीकडे. चेहऱ्याच्या खालच्या भागाला लागला तर बॅकस्पिन वाढतो आणि बॉल कमी उंचीने निघतो. मग ग्रिप इंचभर खाली धरून आणखी दहा फटके मारायचे. ठसे मधोमध आले तर आखूड शाफ्टचा विचार करायला हरकत नाही. मात्र शाफ्ट नुसता कापला तर हेड हातात हलकं लागतं, त्यामुळे कापणाऱ्याला हेडमध्ये थोडं वजन वाढवायला सांगावं.

फिटिंगला जाताना

लाँच मॉनिटर असलेल्या ठिकाणी ड्रायव्हर हातात देण्यापूर्वी अंग गरम झालेलं असावं आणि शक्य असेल तर बॉल स्वतःचे न्यावेत. रेंजवरचे झिजलेले बॉल वेगळे आकडे देतात. प्रत्येक क्लबने आठ-दहा फटके मारायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची: आधी लॉफ्ट, मग शाफ्टचं वजन, मग फ्लेक्स. पडद्यावर एखादा फटका २४० यार्ड दाखवतो आणि विकणारा तोच आकडा पुन्हा पुन्हा सांगतो. बघायची ती सरासरी आणि डावी-उजवीकडची फाकणी. सरासरीत पाच यार्ड मागे असलेला, पण सगळे बॉल एका फेअरवेत ठेवणारा क्लब जास्त स्ट्रोक वाचवतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक चौथी आली, कांस्यपदक एका स्ट्रोकने हुकलं. ६० जणींच्या त्या स्पर्धेत सगळ्यात आखूड ड्राइव्ह मारणाऱ्यांत तिची गणना होत होती.

बजेट कमी असेल तर दोन-तीन वर्षं जुनं मॉडेल घ्यावं. नियमांची मर्यादा तीच असल्यामुळे ते फारसं मागे पडत नाही, आणि वाचलेल्या पैशांत शाफ्ट बदलता येतो, चार धडेही घेता येतात. वापरलेला क्लब घेताना चेहऱ्यावर बारीक तडा आहे का ते बघावं, हेड कानाजवळ हलवून आत काही खुळखुळतंय का ऐकावं आणि सीरियल नंबर तपासावा. नामांकित ड्रायव्हरच्या हुबेहूब नकला ऑनलाइन विकल्या जातात, आणि अर्ध्याहून कमी किमतीत 'सीलबंद' मिळणारा यंदाचा ड्रायव्हर बहुधा त्यातलाच असतो.