अंगावर काढलेले दुखणे

बाईच्या ओटीपोटाच्या तक्रारींसाठी मराठीत जे शब्द आहेत ते बहुतेक आडवळणाचे आहेत. 'अंगावर पांढरे जाते', 'अंग बाहेर येते', 'कंबर धरते'. दुखणे नेमके कोठे आहे याचा उच्चार त्यांत होत नाही. उच्चार झाला नाही की तपासणीही होत नाही आणि दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला जळगाव जामोद हा बुलढाणा जिल्ह्यातील तालुका प्रामुख्याने शेतीवर जगणारा आहे. निंदण उकिडवे बसून, कपाशीची वेचणी वाकून आणि घरचे पाणी डोक्यावरून, हा येथील कष्टकरी स्त्रीचा दिनक्रम. बाळंतपणानंतर पुरेशी विश्रांती न मिळता ती या कामाला लागली, की भार पडतो तो ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंवर. हे स्नायू झोळीसारखे असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ते खालून तोलून धरतात. वारंवारची बाळंतपणे, जड ओझी, जुनाट खोकला व बद्धकोष्ठ यांनी ही झोळी सैल पडते. मग खोकताना, शिंकताना लघवी सुटते, ओटीपोटात जडपणा येतो आणि पुढे 'अंग बाहेर' येते.

या तक्रारी किती व्यापक आहेत, हे जगाला कळले ते विदर्भातूनच. गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जानेवारी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. सरासरी एका स्त्रीमागे ३.६ रोग होते. यापूर्वी अंतर्गत तपासणी झालेल्या मात्र आठ टक्केही नव्हत्या. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच सरकारी हिशेब होता.

दुसरी बाजू गोव्याने दाखविली. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तेथील सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या पाहणीत पांढरे जाण्याच्या तक्रारीची कारणे शोधली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक व सामाजिक ताणाशी अधिक घट्ट आढळला. याचा अर्थ तक्रार खोटी, असा मुळीच नव्हे. शरीर बोलते ते अनेकदा मनाचेच असते आणि प्रत्येक वेळी प्रतिजैविकांची पुडी हे त्यावरचे उत्तर नसते, एवढाच तो अर्थ.

हे न उमगल्याची किंमत बीड जिल्ह्याने मोजली. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. सर्वेक्षणातील ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पांढरे जाणे, पाळीचा त्रास, कंबरदुखी अशा तक्रारींवर साध्या उपचारांची पायरी ओलांडून थेट शस्त्रक्रिया सुचविल्या जात असल्याचे त्या वेळी पुढे आले.

आपल्याकडे शरीराच्या अंगाने होणारी शुश्रूषा नवी नाही. चरकसंहितेत योनिव्यापदांचे वीस प्रकार वर्णिले असून त्यांच्या मुळाशी वाताचा बिघाड मानला आहे. स्नेहन, स्वेदन, तेलाचा पिचू हे त्यावरचे उपचार. घरोघरी चालत आलेले सव्वा महिन्याचे बाळंतपण याच विचाराचे: तेल-मालिश, शेक, डिंकाचे लाडू, अळीव आणि पोटपट्टा. यातील विश्रांती, सकस आहार व मालिश करणाऱ्या बाईचा मायेचा हात यांचे मोल आजही कमी नाही. (सासरी हा हात मिळतोच असे नाही, म्हणूनच पहिले बाळंतपण माहेरी.) मात्र पोट करकचून बांधले तर दाब खालीच जातो. कोंडलेल्या खोलीतील शेगडीचा धूर बाळ-बाळंतिणीला अपायकारक ठरतो, तर सिझेरियनची जखम भरण्याआधी पोटावर मालिश करणे धोक्याचे असते.

आधुनिक व्यायामाची वाट अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये दाखविली. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात तेच आवळून काही क्षण धरायचे व सावकाश सैल सोडायचे. श्वास कोंडायचा नाही, मांड्या-नितंब ताणायचे नाहीत. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठदा, असा क्रम देखरेखीखाली निदान तीन महिने चालावा लागतो. यास ना यंत्र लागते ना पैसा. पण सर्वांनाच आवळण्याचा व्यायाम लागू पडत नाही. भीती, दीर्घ ताण किंवा पूर्वी झालेला अत्याचार यांमुळे काहींचे हे स्नायू सतत आखडलेले असतात. संबंधांच्या वेळी वेदना, लघवीला अडखळणे ही त्याची लक्षणे. अशा स्त्रीला सैल सोडणे शिकावे लागते. पोटाने घेतलेला संथ श्वास, गरम पाण्याचा शेक आणि विश्वासाने ऐकणारे माणूस, असा तो उपचार. येथे केगेलचा व्यायाम दुखणे वाढवू शकतो.

मोठ्या शहरांत अशा उपचारांसाठी प्रशिक्षित स्त्री फिजिओथेरपिस्ट भेटतात. 'समग्र' उपचारांच्या नावाखाली तपासणी न करताच महागडी शिबिरे विकणारेही तेथेच भेटतात. तालुक्याच्या गावी दोन्ही दुर्मीळ. तेथे पहिली पायरी आशा कार्यकर्ती व सरकारी दवाखाना हीच. दुर्गंधीयुक्त स्राव, ताप, पाळी बंद झाल्यानंतरचा किंवा संबंधांनंतरचा रक्तस्राव, पोटात गाठ लागणे यांपैकी काहीही असल्यास मालिश-व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडून अंतर्गत तपासणी करून घ्यावी. अंग बाहेर येत असल्यास रिंग पेसरी बसविण्याचाही पर्याय असतो. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाल्यास, तातडीचे कारण नसेल तर, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नये.