स्वायत्त की विनाचालक?

‘आयत्त’ म्हणजे अधीन. जो स्वतःच्याच अधीन तो स्वायत्त. ग्रीक ‘ऑटोनोमोस’ही आपले कायदे आपण करणाऱ्या नगरराज्यांचे विशेषण होते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेमो कंपनीच्या चालकाविना धावणाऱ्या टॅक्सीला ते विशेषण लावणे मला पटत नाही. चालकाची जागा रिकामी असते, हे खरेच. पण रस्त्याचे काम आडवे आले आणि वाट उमजेना, की गाडी दूर बसलेल्या माणसाला विचारते. तो पडद्यावर कॅमेऱ्यांतले दृश्य पाहून मार्ग सुचवतो.

कंपनी म्हणते, माणूस फक्त सल्ला देतो, गाडी चालवत नाही, निर्णय गाडीचाच. मुद्दा वजनदार आहे, कारण सल्ला घेतल्याने कोणी परतंत्र होत नाही. पण गाडीने कुठे धावायचे, हे कंपनी आणि कॅलिफोर्नियाचे परवानेच ठरवतात. ऑक्टोबर २०२३मध्ये तिथेच क्रूझ या दुसऱ्या कंपनीच्या अशाच गाडीने एका पादचारी महिलेला फरफटत नेले, तेव्हा परवाना निलंबित झाला तो कंपनीचा. जाब माणसांनाच द्यावा लागला, आणि तेच योग्य. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेनेही आपल्या जे-३०१६ मानकात ‘ऑटोनॉमस’ शब्द टाळायला सांगितले आहे. आपण मराठीत सरळ ‘विनाचालक’ म्हणावे. त्या शब्दाआड कंपनीला लपता येत नाही.