गुंठ्याएवढा ठिपका : वाडी आकाशातून पाहण्याचा इतिहास

मंडळी, वाडीची तब्येत बघायला आकाशात कशाला जायला हवं, असं आमच्यातले जुने बागायतदार विचारतात. केळीचं पान हातात धरायचं, विहिरीचं पाणी जिभेवर घ्यायचं, झालं. म्हणणं खरं आहे. पण ती जीभ एका वाडीपुरती, आणि तिची नोंद कुठल्याच दप्तरात राहत नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते या नोंदीबद्दल.

वसईच्या बागायतीची नोंद ठेवायचा सोस प्रत्येक राजवटीला होता. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. वीस वर्षांनी, १५५४ साली, सिमांव बोतेल्यू याने महसुलाचं दप्तर तयार केलं, त्यात वसई आहे. इंग्रजी अमदानीतलं ठाणे गॅझेटियर १८८२चं. पुढे सातबारा आणि पीकपाहणी आली. या दप्तरांना जमीन कोणाची, पीक कोणतं आणि वसूल किती, एवढंच हवं होतं. वाडी आजारी आहे का, हे विचारणं त्यांचं कामच नव्हतं.

तो प्रश्न आपल्या देशात वरून पहिल्यांदा विचारला गेला तो १९७० साली, केरळात, आणि तोही माडांबद्दल. तिथे नारळाच्या मुळांना लागणाऱ्या रोगाने बागा जात होत्या. प्रा. पिशारोटी यांच्या गटाने हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर माडांच्या बागांचे फोटो घेतले. हेच पिशारोटी पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. भारतातल्या रिमोट सेन्सिंगचा आरंभ याच प्रयोगापासून मोजतात. म्हणजे बघा, या विद्येचा आपल्याकडचा श्रीगणेशा झाला तो आजारी माडापासून!

यातलं तत्त्व सोपं आहे. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परत फेकतं. पान बिघडलं की हा फरक कमी होतो. दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज केली की जो आकडा येतो, त्याला एनडीव्हीआय म्हणतात. १९७२ साली अमेरिकेचा पहिला लँडसॅट वर गेला आणि त्यानंतर हा आकडा रूढ झाला.

आता हिशेब आपल्या मापात करू. १७ मार्च १९८८ रोजी आपला आयआरएस-१ए उपग्रह सुटला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका साडेबहात्तर मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे ५२ गुंठे. त्यात निर्मळच्या किती वाड्या, किती विहिरी आणि एखादं बावखलसुद्धा मावेल! १९८४ साली सुटलेल्या लँडसॅट-५चा ठिपका ३० मीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. २०१५ साली युरोपचा सेंटिनेल-२ आला, त्याचा ठिपका १० मीटरचा. दहा गुणिले दहा, शंभर चौरस मीटर. मंडळी, हा आपला गुंठाच झाला. २०१७मध्ये जोडीला दुसरा उपग्रह आला आणि हे चित्र दर पाच दिवसांनी, फुकट मिळू लागलं.

मग प्रश्न सुटला का? इथेच घोळ आहे. सप्टेंबर २०१४मध्ये केंद्र सरकारने ‘चमन’ नावाचा प्रकल्प सुरू केला. फळं आणि भाजीपाला उपग्रहावरून मोजायचा, त्यात केळीही होती. जळगावकडे केळीचे सलग मळे आहेत, तिथे एका ठिपक्यात एकच पीक असतं. आपली वाडी मजल्यांची. वर माड, त्याखाली सुपारी, मग केळी, पानवेल, आणि बुडाशी अळू. उपग्रहाला मुख्यतः वरचा मजला दिसतो. विहिरीत खारं पाणी चढलं, केळीची पानं कडेने करपली, तरी वर माड उभा आहे तोवर ठिपका हिरवाच. १७ मे २०२१ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा केळी आडव्या झाल्या. माडाखालची आडवी केळ वरून कशी मोजणार? शिवाय त्या दिवसांत आभाळ भरलेलं. जून ते सप्टेंबर तर ढगांमुळे असे कॅमेरे जवळजवळ आंधळेच असतात. रडार ढगांतून पाहतं, पण ते पानाचा रंग सांगत नाही.

आणखी एक गंमत, म्हटलं तर दुःखाची. सोडून दिलेली वाडी पावसाळ्यानंतर चांगली राखलेल्या वाडीइतकीच हिरवी दिसते, कारण रान माजलेलं असतं. ऑक्टोबरचं एकच चित्र दाखवून ‘वसई हिरवी आहे’ असं कोणी म्हणालं, तर त्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही. फरक कळतो तो एप्रिल-मेमध्ये. शिंपणं चालू असलेल्या वाडीचा आकडा टिकतो, सोडलेलीचा घसरतो. म्हणून एक चित्र पुरत नाही, वर्षभराची रांग लागते.

हे आज का सांगतोय? १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. वाड्या राहणार की इमारती येणार, आणि विहिरींचं पाणी टँकरने कुठवर जाणार, हा वाद होता. त्या वेळी लोकांजवळ स्वतःचा अनुभव होता, चित्र नव्हतं. आता २००८पासून लँडसॅटचा जुना साठा सर्वांना खुला आहे, तेव्हा मागे जाऊन बघता येतं. पण नऊ गुंठ्यांच्या त्या ठिपक्यात नक्की काय होतं, राजेळी केळ होती की नुसता माड, हे उपग्रह सांगणार नाही. आगाशीच्या सुकेळीसाठी लागणारी राजेळी कुठे कुठे होती, हे आजही लोकांच्याच आठवणीत आहे. २०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या पिकाचा फोटो जागेसकट नोंदवतो. ते आजच्यापुरतं झालं, १९८८चं कोण नोंदवणार?

म्हणून आमची एक विनंती आहे. ज्यांच्या घरी त्या सुमाराचे वाडीचे फोटो असतील, लग्नातले असोत की सणाचे, मागे केळ, विहीर किंवा रहाट दिसत असेल, त्यांनी ते पुढच्या बैठकीला आणावेत. मागच्या बाजूला साल आणि वाडीची जागा पेन्सिलने लिहा, शाई फुटते.