मराठेशाहीतील कोठी आणि तिची तपासणी

हिशेबतपासणी म्हटली म्हणजे रोकडीच्या वह्या डोळ्यांपुढे येतात. परंतु पुरवठ्याची तपासणी ही निराळी गोष्ट होय. रोकड तिजोरीत राहते. धान्य मात्र खळ्यापासून कोठीपर्यंत अनेक हातांतून जाते, आणि कोठीत पोहोचल्यावरही किडते, सांडते. ज्या राज्याचा जीव किल्ल्यांत होता, त्याला हा प्रश्न टाळणे शक्य नव्हते. नाशिकच्या उत्तरेस बागलाणातील साल्हेरला १६७२ मध्ये मोगलांचा वेढा पडला, तेव्हा कोठारातील धान्य हे तटबंदीइतकेच महत्त्वाचे होते.

किल्ल्यावरील व्यवस्थेचे वर्णन सभासद बखरीत आढळते. हवालदार, सबनीस व सरनौबत यांनी कारभार एकविचारे चालवावा आणि अंबारखान्याचा जमाखर्च कारखानिसाने लिहावा, अशी ती योजना होती. या पदनामांची घटना लक्षात घेण्याजोगी आहे. ‘-दार’ म्हणजे धारण करणारा. ‘-नीस’ हे फारसी ‘नवीस’ याचे रूप, म्हणजे लिहिणारा. हवालदाराच्या हवाली किल्ला असे. कारखानिसाच्या हाती लेखणी असे. ताबा एकाकडे व नोंद दुसऱ्याकडे, हे तपासणीचे मूलतत्त्व येथे प्रत्ययांतच उमटले आहे. हा नियम सर्व पदांना लागू पडत नाही, हे खरे. तथापि मुजुमदाराचा अपवाद केवळ वरवरचा आहे: तो धारण करतो ती वस्तू नव्हे, ‘मजमू’ म्हणजे एकूण बेरीज. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर मुजुमदाराचा अमात्य झाला. पदाचा मान राहिला, परंतु कामाचा अर्थ शब्दातून लोपला.

तपासणी कोणासाठी, याचे उत्तर चिपळूण येथील छावणीच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांच्या वतीने धाडलेल्या, त्याच दशकातील पत्रात मिळते. पावसाळ्यासाठी साठविलेले दाणे व वैरण आताच उधळली तर पुढे घोडी उपाशी मरतील, शिपाई कुणब्यांच्या घरी शिरून धान्य व भाकर उचलतील, आणि रयतेस मोगल बरे वाटू लागतील, असा इशारा त्यात आहे. उंदराने दिव्याची जळती वात नेल्यास गंजी पेटेल, येथवर ही दृष्टी पोहोचते. कोठीतील तूट अखेर रयतेच्या घरातून भरून निघते, हा या पत्राचा सिद्धान्त म्हणावा लागेल.

पेशवाईत हेच तत्त्व दरखदारांच्या रूपाने विस्तारले. मुजुमदार, फडणीस, कारखानीस आदी दरखदार मामलेदाराने नेमलेले नसत. त्यांना काढण्याचा अधिकारही त्याला नव्हता. त्यामुळे वरिष्ठाच्या हिशेबावर बोट ठेवणे त्यांना शक्य होते. परंतु ही पदे वंशपरंपरा चालू लागली, तेव्हा ज्या स्थैर्याने तपासनीस निर्भय झाला होता, त्याच स्थैर्याने तो बेफिकीर होण्याचा धोका उत्पन्न झाला. आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद म्हटले आहे, त्याचा अर्थ येथे उमगतो.

सबनीस, फडणीस, कारखानीस ही आज आडनावे आहेत. लिहिणाऱ्याचे काम कुळाचे नाव झाले, ही भाषेतील नोंद त्या व्यवस्थेच्या बळाची आणि तिच्या दुबळेपणाचीही साक्ष आहे. तपासनीस स्वतंत्र हवा. पण त्याचीही तपासणी करणारा कोणी असावा लागतो.