पाणी आले, निचऱ्याचे काय?

नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५च्या सुमारास सुटले आणि अवर्षणाच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. जेमतेम २५ वर्षांनी, १९१० मध्ये, हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांना नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. या विषयात नव्याने येणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी, असे मी सुचवेन. पुढे सांगली-कोल्हापूरकडे जे झाले, ते बरेचसे त्याच वळणाचे आहे.

मूळ प्रश्न हिशेबाचा आहे. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेल्या पाण्याला शेतकरी गोडेच म्हणतो, आणि ते खोटे नाही. पण हंगामात असे १ मीटर पाणी दिले, तर हेक्टरी ५ टन क्षार रानात येतात. ऊस पाणी पितो, क्षार बहुतांशी मागे सोडतो. खाली निचरा असेल तर ते झिरपून निघून जातात. नसेल, तर जास्तीच्या पाण्याने भूजल वर येते. काळ्या, भारी जमिनीत ते दीड-दोन मीटरच्या आत आले की ओल केशाकर्षणाने वर चढते, पाणी उडून जाते आणि वाफ्यावर पांढरा थर उरतो.

खारवट आणि चोपण यांत मात्र गल्लत नको. खारवट जमिनीतले क्षार विरघळणारे असतात. निचऱ्याची सोय करून पाणी दिले की ते धुऊन निघतात. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांनाच चिकटलेला असतो, सामू बहुधा ८.५च्या वर जातो. ती नुसती धुतली तर आणखी आवळते, पाणी मुरेनासे होते. तिथे आधी जिप्सम, मग धुणे. माती न तपासता सरसकट जिप्समच्या गोण्या ओतायला सांगणारेही भेटतील. त्यांच्याकडे माती-परीक्षणाचा अहवाल मागावा.

निचऱ्यासाठी जमिनीखाली घातलेल्या सच्छिद्र पाइपांतले अंतर किती ठेवावे, हे हूघौटच्या १९४० सालच्या सूत्रावरून काढता येते. पण पाइपातले पाणी ओढ्यापर्यंत न्यायला शेजाऱ्याच्या बांधातून चर काढावा लागतो. म्हणून ही प्रस्तावना ज्या ग्रंथाची आहे, त्यात जलगतिकीइतकीच जागा भाऊबंदकी, सामाईक खर्च आणि चराची देखभाल यांना दिली आहे. काही अभियंत्यांना ते खटकेल.

निचऱ्याचे हे खारे पाणी ओढ्यावाटे नदीला मिळते, आणि तिथून खालच्या गावाची उपसा योजना पाणी उचलते. त्याची विल्हेवाट कशी लावावी, यावरचे शेवटचे प्रकरण सर्वांत लहान आणि सर्वांत अपुरे आहे. नव्या अभ्यासकांनी खुशाल आधी ते वाचावे.